लपवायचं शस्त्र: वाघनख ते पिस्तूल

कोल्हापूरच्या न्यू पॅलेस म्युझियममध्ये शस्त्रं बघताना मला एक गोष्ट जाणवते. तलवार मिरवायची असते. लपवायच्या शस्त्राचं गणितच वेगळं.

१० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. अफझलखानाच्या भेटीला निघालेल्या महाराजांच्या अंगात चिलखत, हातात बिचवा आणि वाघनख होतं, असं सभासद बखर सांगते. आता वाघनखाची रचना बघा. कड्या बोटांत, नख्या तळहाताखाली. मूठ मिटली की वरून नुसत्या अंगठ्या! म्यान नाही, उपसायला वेळ नाही आणि मिठी मारताना खटकतही नाही. पण बखरीनुसार खानाचा पहिला वार अडवला तो चिलखतानं. म्हणजे आधी बचाव, मग हल्ला.

पुढे ब्रिटिशांच्या १८७८ च्या कायद्यानं शस्त्राला परवाना सक्तीचा केला. आज १९५९ चा कायदा आहे. कोल्हापुरात पिस्तूल बाळगायचं तर जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना लागतो. होल्स्टर कमरेला की काखेत, हा नंतरचा प्रश्न. पहिला प्रश्न एकच: धोका खरा आहे का? कारण महाराजांनी ती तयारी मिरवायला नाही, समोरचा धोका ओळखून केली होती.