संत बासिल आणि मुंगीचे कोठार

पशुपक्ष्यांकडे पाहून माणसाने शहाणे व्हावे, ही गोष्ट आपल्याला पंचतंत्रापासून ठाऊक आहे. ख्रिस्ती लोकांतही ती फार जुनी. नीतिसूत्रांच्या पुस्तकात आळशाला मुंगीकडे पाठविले आहे, आणि काळजीने पोखरलेल्या माणसाला येशूने आकाशातली पाखरे दाखविली आहेत. पण मासे, मुंग्या, मधमाश्या यांना थेट प्रवचनात आणून बसविले ते चौथ्या शतकात, कैसरियाच्या संत बासिल यांनी.

कैसरिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले कायसेरी. बासिल यांचा जन्म इ. स. ३३० च्या सुमाराचा. अथेन्सला शिकलेले, ग्रीकांचे प्राणिशास्त्र वाचलेले. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्मिली, त्या कथेवर त्यांनी उपवासकाळात नऊ प्रवचने केली. ऐकायला येत ते पुष्कळसे कारागीर, हातावर पोट असलेले. आपण फार लांबण लावली तर यांचा रोज बुडेल, याची बासिलना जाणीव होती. एकदा मासे संपवून ते एकदम जनावरांकडे वळले, पाखरे राहूनच गेली! श्रोत्यांनी खुणा करून आठवण दिली, तेव्हा गाडी मागे वळविली. असे जागे श्रोते कोणत्या वक्त्याला नको आहेत?

आता त्यांचे मासे पाहा. मोठा मासा लहानाला गिळतो, आणि त्याला त्याहून मोठा गिळतो. गरिबाला नाडणाऱ्या धनवानाला बासिल विचारतात, तुझे याहून वेगळे काय चालले आहे? हे नुसते अलंकारिक बोलणे नव्हते, बरं का. इ. स. ३६८-३६९ च्या सुमारास त्या मुलखात भीषण दुष्काळ पडला होता. समुद्र लांब, बाहेरून धान्य येणे कठीण, आणि ज्यांच्याजवळ होते ते भाव चढण्याची वाट पाहत बसलेले. बासिलनी त्यांना खडे बोल सुनावून कोठारे उघडायला लावली, कडधान्याच्या कालवणाचे हंडे चढविले आणि भुकेल्यांना स्वतः वाढले. हे त्यांचे मित्र नाझियांझसचे ग्रेगरी यांनी लिहून ठेवले आहे.

येथे एक कोडे पडते. मुंगी उन्हाळ्यात साठा करते म्हणून बासिल तिला शाबासकी देतात, आणि व्यापारी साठा करतो म्हणून त्याची खरडपट्टी काढतात. हे कसे? मला वाटते, वारुळातला दाणा साऱ्या वारुळाचा असतो. व्यापाऱ्याच्या पेवातला दाणा शेजारी मेला तरी बाहेर येत नाही. फरक साठवण्यात नाही, तो दार कोणासाठी उघडते यात आहे.

त्या काळी प्राण्यांवर रूपके रचण्याची मोठी हौस होती. पेलिकन पक्षी छाती फोडून पिलांना रक्त पाजतो, म्हणून तो ख्रिस्ताची खूण, अशा कथा ‘फिजिओलॉगस’ नावाच्या ग्रंथाने दूरवर पसरविल्या. बासिल मात्र बजावून सांगत, माझ्या लेखी गवत म्हणजे गवतच, मासा म्हणजे मासाच. आधी जे आहे ते पाहा, मग शिका. मला त्यांची ही रीत अधिक पटते.

तरीही चुका झाल्याच. मधमाश्यांचा ‘राजा’ नांगी असून कोणाला डसत नाही, असे ते म्हणाले, आणि बलवानांना क्षमेचा धडा दिला. तो राजा नसून राणी आहे, हे सतराव्या शतकात स्वामरडाम या डच शास्त्रज्ञाने चिरफाड करून दाखविले. शिवाय ही राणी दुसऱ्या राणीला खुशाल डसते! तेव्हा तो दाखला गेला.

मुंगीचे मात्र उलटे झाले. ती दाणे साठवते आणि भिजले तर उन्हात वाळत घालते, असे बासिल सांगत. उत्तर युरोपातल्या मुंग्या धान्य साठवीत नाहीत, म्हणून पुढच्या काळी तिकडचे विद्वान ही भाकडकथा समजू लागले. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला पुण्यास, कवायतीच्या मैदानाजवळच्या पडीक जमिनीवर, सकाळच्या फेरफटक्यात गवताच्या बियांच्या लहान लहान राशी दिसल्या. प्रत्येक रास मूठभर. पावसाळा नुकता लागला होता, त्या दिवशी ऊन पडले होते, आणि शेकडो मुंग्या खालच्या कोठारातून बी वर आणीत होत्या.