एका जुन्या हार्ड डिस्कमधली हिंगोली

गेल्या आठवड्यात गांधी चौकात चहा पिताना एका मित्राने पिशवीतून जुनी हार्ड डिस्क काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, "तू पत्रकार आहेस, घे. पोराच्या शिक्षणासाठी पुण्याला चाललोय. बायको म्हणते हे भंगार इथंच सोड." नाव लिहू नको असं त्याने बजावलंय, म्हणून नुसतं मित्र म्हणतो. जुने लोक ओळखतीलच.

या माणसाने २००४ ते २०१९ अशी पंधरा वर्षं हिंगोलीत वेबसाइट बनवल्या. दुकानदारांसाठी, दोस्तांसाठी, सोयऱ्यांसाठी. निम्म्या कामांचे पैसे आले नाहीत, हे तो आजही हसत सांगतो. डिस्कमध्ये प्रत्येक कामाचा वेगळा फोल्डर. दोन रात्री बसून मी ते उघडत गेलो, आणि मग झोप लागेना. आपल्या जिल्ह्याचा असा इतिहास कुठल्या गॅझेटियरमध्ये नाही.

आधी थोडं मागे जाऊ. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत, आणि तेही मोठ्या शहरांत. पुढच्याच वर्षी गणेश चतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत बसून 'मायबोली' सुरू केली. म्हणजे मराठी माणूस नेटवर आला तो साता समुद्रापलीकडून, गावाकडच्या आठवणीने. आपला हिंगोली जिल्हाच मुळात १ मे १९९९ चा. परभणीतून वेगळे झालो, तेव्हा कलेक्टर ऑफिस कुठं बसवायचं ही चर्चा होती, वेबसाइट कोणाच्या डोक्यात असणार? २००२ पासून एमएस-सीआयटीचे क्लास निघाले, गल्लीबोळात कॉम्प्युटर दिसायला लागले. मित्र त्याच लाटेतला. वहीत एचटीएमएल लिहून काढायचा आणि कॅफेत तासाचे पैसे भरून टाइप करायचा.

पहिल्या फोल्डरचं नाव 'दाजी'. बहिणीच्या नवऱ्याचं कृषी सेवा केंद्र. हिरवं पान, वर सरकती पट्टी, 'सर्व प्रकारची खते, बियाणे व औषधे मिळतील', आणि खाली किती जणांनी पाहिलं याचं काउंटर. मला आठवतं, त्या काउंटरवरचे निम्मे आकडे आम्हीच कॅफेत बसून वाढवले होते. दाजींनी मात्र त्या पानाची प्रिंट काढून गल्ल्यामागे फ्रेम करून लावली. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय हो? दाजी म्हणायचे, "आपलं दुकान अमेरिकेतून दिसतं."

पुढं दालमिल, लॉज, कोचिंग क्लास, ट्रॅक्टरचं शोरूम. वसमतच्या एका हळद व्यापाऱ्याच्या पानावर कांडी आणि गट्ट्याचे फोटो इतके जवळून काढलेत की बोटाला पिवळं लागेल असं वाटतं. एका दोस्ताच्या लग्नाची साइट फ्लॅशमध्ये आहे, म्हणजे होती. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं, आता ते लग्न उघडत नाही. (संसार व्यवस्थित चालू आहे, काळजी नसावी.) नगरपालिकेच्या एका उमेदवाराची साइटही आहे, 'विकासाचा नवा चेहरा' वगैरे. तिचं बिल निकालाच्या दिवशीच बुडालं.

तरुण वाचकांना एक गोष्ट सांगायलाच हवी. तेव्हा नेटवर मराठी लिहिणं सोपं नव्हतं. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ लाच मिळाली होती, पण ती जागा आपल्या कॉम्प्युटरपर्यंत यायला दीड दशक लागलं. विंडोज एक्सपीत मराठी दिसायचं तर सेटिंग बदलून मूळ सीडी घालावी लागे, नाहीतर नुसते चौकोन. म्हणून सगळे डीटीपीवाले फॉन्ट वापरायचे. त्या फॉन्टची गंमत अशी की आतून अक्षर इंग्रजीच असतं, फक्त त्यावर मराठीचा मुखवटा चढवलेला. फॉन्ट असेल तर 'नामदेव' दिसेल, नसेल तर एबीसीडीचा कचरा. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. मोठमोठ्या पेपरच्या साइटवर तेव्हा 'आधी फॉन्ट डाउनलोड करा' असं लिहिलेलं असायचं.

हे तांत्रिक वाटेल, पण पुढची सगळी गोष्ट यावरच अडकलीय.

डिस्कमध्ये एक फोल्डर आहे, '१७ सप्टेंबर'. मित्राच्या चुलत्यांसाठी केलेलं काम. काका निवृत्त मास्तर. २००८ साली त्यांच्या डोक्यात आलं की मुक्तिसंग्रामातली माणसं आता संपत चाललीत. निजामाच्या काळात हिंगोली परभणी जिल्ह्यातला तालुका. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ ला निजामाने शरणागती पत्करली, एवढं आपण शाळेत शिकतो. पण त्याआधी वर्षभर पैनगंगेच्या अल्याड-पल्याड काय चाललं होतं, कोण रात्री नदी ओलांडून सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलं, कोणाच्या आईने भाकरी पोचवल्या, ते कुठं लिहिलंय? काका मोटारसायकलवर कळमनुरी, सेनगाव, औंढ्याची खेडी फिरले. पुतण्याचा नोकिया फोन सोबत, त्यात आवाज भरायचे. घरी येऊन लिहून काढायचे, डीटीपीवाल्याकडून टाइप करून घ्यायचे आणि मित्र ते साइटवर चढवायचा. चौदा माणसांच्या मुलाखती झाल्या.

या चौदापैकी बहुतेक जण पेन्शनच्या यादीत नव्हते, असं काकांनी स्वतःच्या प्रस्तावनेत लिहिलंय. कागद नाही, जेलचा दाखला नाही, साक्षीदार मेलेले. म्हणजे सरकारदरबारी ही माणसं लढलीच नाहीत. त्यांचं नाव लिहिलेली जागा ही एवढी साइटच.

काका २०१२ ला गेले. घरचे सुतकात, डोमेनचं रिन्यूअल काकांच्या ईमेलवर यायचं, त्या ईमेलचा पासवर्ड काकांनाच माहीत. डोमेन संपून खोडलं गेलं की जुन्या मालकाला पैसे भरून सोडवायला महिनाभर मिळतो, मग ते कोणीही घेऊ शकतं. घेतलं कोणीतरी. परवा मी तो पत्ता टाकून बघितला तर जुगाराची जाहिरात. हुतात्म्यांच्या फोटोच्या जागी पत्ते फिरतायत. होस्टिंगवाल्याला तेव्हा मित्राने तीन वेळा फोन केला होता, उत्तर एकच: खातेदाराचीच सही लागेल.

सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट आर्काइव्ह नावाची संस्था आहे, १९९६ पासूनची. जगभरच्या साइटच्या प्रती जपून ठेवते आणि २००१ पासून लोकांना फुकट बघू देते. तिथं शोधलं. काकांच्या साइटचं फक्त मुखपृष्ठ सापडलं, फोटो गायब. बिचाऱ्यांचा दोष नाही, त्यांचं यंत्र जितकं पोचेल तितकंच टिपणार.

आपल्याच औंढा तालुक्यात लायगोची प्रयोगशाळा उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोने २०१५ साली १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेली लहर पकडली. तसलीच लहर उद्या औंढ्यात पकडतील, आनंदच आहे. मला मात्र त्याच तालुक्यातल्या म्हाताऱ्याचं २००८ चं बोलणं वाचता येत नाहीये.

आणि हे फक्त काकांचं नाही. गुगलने छोट्या धंद्यांना फुकट वेबसाइट दिल्या होत्या, आपल्याकडे शेकडो दुकानदारांनी करून घेतल्या. मार्च २०२४ मध्ये त्या एका झटक्यात बंद केल्या. कितीजणांना कळलंसुद्धा नाही. सगळा कारभार तोवर व्हॉट्सअॅपवर गेला होता. मित्राचा धंदाही तिथंच संपला. "जिओ आलं अन् माझं दुकान उठलं," तो म्हणतो. मला वाटतं तो स्वतःशी जरा कठोर आहे, पण ते असो.

तर डिस्कमध्ये चौदाही पानं आहेत, पण कचऱ्याच्या रूपात. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर नेटवर मिळतात. आम्ही चार वापरून पाहिले. नऊ पानं बऱ्यापैकी वाचता येतात. पाच पानं वेगळ्याच फॉन्टमध्ये आहेत, तिथं जोडाक्षरं फुटतात. 'गेलो', 'भाकर', 'रात्र' कळतं, पण माणसांची आणि गावांची नावं लागत नाहीत. अंदाजाने लिहिणं मला मान्य नाही. ज्याचं नाव एकदाच लिहिलं गेलंय ते चुकीचं लिहायचं? आवाजाच्या अकरा फाइल वाजल्या, तीन मुक्या. एका फाइलमध्ये म्हातारे बाबा बोलता बोलता थांबतात आणि मागून काकांचा आवाज येतो, "सांगा ना बाबा, घाई नाही."

म्हणून ही पोस्ट. २००७-०८ च्या सुमारास हिंगोली, कळमनुरी किंवा वसमतमध्ये ज्यांचं डीटीपीचं दुकान होतं, त्यांनी माळ्यावरच्या जुन्या सीडी एकदा बघाव्यात. फॉन्टची सीडी असेल, जुना सीपीयू असेल, बंद पडलेला असला तरी चालेल, मी येऊन नेतो. आणि ज्यांच्या घरी २००८ साली एक मास्तर मोटारसायकलवर येऊन आजोबांशी तासभर बोलून गेले होते, त्यांनी मला इनबॉक्समध्ये फक्त आजोबांचं नाव आणि गाव कळवा. पाच नावं लावायची राहिलीत.