दुखणे अंगावर काढू नये



पाळी, अंगावर पांढरे जाणे, ओटीपोटातील कळ हे विषय आपल्याकडे चुलीपाशी कुजबुजण्याचे ठरले. त्यामुळे दुखणे अंगावर काढण्याची सवय बाईला जडली. ही सवय मोडण्यासाठी आपल्याच बायकांनी काय केले, याची आठवण मंडळाच्या वर्धापनदिनी करणे उचित वाटते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे मूल अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टर का हव्यात, हे त्यांनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषणात सांगितले आणि त्या अमेरिकेस गेल्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, पण पुढच्याच वर्षी क्षयाने वारल्या. एकटी डॉक्टरीण तरी किती घरांना पुरणार? खाटेशी बसून समजावणारी बाईही हवी होती. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले. परिचारिकेचे काम कुलीन घरच्या बाईने करू नये असे लोक म्हणत, तेव्हा रमाबाईंनी मुलींना व विधवांना त्या शिक्षणास धाडले.

त्या वेळी आपला जालना निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्यातील खेड्यांत ही शिकवण नेणारे मोठे काम पुढे उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात झाले. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने व मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. आरोग्यसेविका घरोघर जाऊन गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविषयी बोलत व तपासणीस बोलावीत. २००९ साली निष्कर्ष छापून आले. ज्या गटास एचपीव्ही या विषाणूची तपासणी देऊ केली, त्यात या रोगाने ३४ बायका दगावल्या; जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, नेहमीच्या सोयींवर राहिलेल्या गटात ६४. एका तपासणीने एवढा फरक पडला!

समजावणारे कोणी नसेल तर काय होते, तेही शेजारीच दिसले. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. कामाचा खाडा पडला की दंड, आणि वर कर्करोगाची भीती! पुष्कळ दुखणी औषधाने बरी होतात, हे त्यांना वेळीच कोण सांगणार? आपल्या जिल्ह्यातूनही बायका ऊसतोडीस जातात, म्हणून हे आपलेही दुःख आहे.

तेव्हा चार गोष्टी ध्यानी ठेवाव्या. पाळीचे कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवावे, कोपऱ्यात दडवू नये. पांढऱ्या जाण्यास घाण वास किंवा खाज असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसेल, तर लगेच दाखवावे. तिशी उलटल्यावर काही दुखत नसले तरी सरकारी दवाखान्यात गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी या रोगाची लस आहे, तिची चौकशी करावी. गर्भाशय काढा असे कोणी सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

आणि हे आपल्यापुरते ठेवू नये. लेकीला, सुनेला, शेतात खुरपणाऱ्या शेजारणीलाही सांगावे. बाईचे दुखणे बाईनेच बाईला विचारले, तर ती मोकळेपणाने बोलते.