कर्नाळ्याच्या किल्लेदाराचा नातू

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले, की आधी पळस्पे लागते, मग शिरढोण आणि त्यानंतर कर्नाळ्याचा सुळका जवळ येतो. सारे अंतर दहा-बारा किलोमीटरांचे. आम्ही हा रस्ता अनेकदा विद्यार्थ्यांना घेऊन केलेला आहे. मुले पक्षी पाहायला निघालेली असतात आणि आम्ही त्यांना शिरढोणच्या स्मारकापाशी थांबवतो. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म या गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला, ते आद्य क्रांतिकारक होत, एवढे मुलांना पाठ असते. त्यापुढचा एक प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकात नसतो. नोकरी-संसारात मुरलेला तेहतीस वर्षांचा कारकून तलवार हाती घेतो, तेव्हा तो नवे काही सुरू करत असतो, की कुठे तरी परतत असतो?

आमच्या मते तो परतत होता. याचा पुरावा कर्नाळ्यावर आहे. वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते आणि १८१८ मध्ये इंग्रज चालून आले तेव्हा त्यांनी गड लढवला, असे चरित्रकार सांगतात. गड पडला, पेशवाई गेली आणि तिच्याबरोबर एक व्यवसायच संपला. किल्लेदार, शिलेदार, गडकरी, नाईकवाडी ही केवळ पदे नव्हती. त्यांच्यावर घरे चालत होती. राज्य बदलले की दरबार बदलतो हे सर्वांना ठाऊक असते. पण हजारो माणसांचा हातचा धंदा एका वर्षात निरर्थक होतो, ही गोष्ट इतिहासात फार थोड्या ओळींत आटोपली जाते.

किल्लेदाराचा नातू त्यानंतर लष्करात गेला, पण लेखणी घेऊन. रेल्वेत आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात थोडा काळ काढल्यावर वासुदेव बळवंत लष्कराच्या रसद खात्याच्या हिशेब कचेरीत लागले आणि पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत त्यांनी वर्षानुवर्षे कारकुनी केली. आईच्या शेवटच्या आजारात रजा मिळाली नाही आणि ती न मिळताच ते गावी गेले, तर आई गेलेली होती, हा प्रसंग प्रत्येक चरित्रात येतो. त्याचा भावनिक अर्थ सर्वांनी सांगितला आहे. आम्हांला त्यात दुसरेही काही दिसते. ज्या घराने गडाचे दरवाजे राखले, त्या घरातल्या माणसाला आता स्वतःच्या घरी जाण्यासाठी लष्करी कचेरीतल्या साहेबाची सही लागत होती. त्या काळच्या हिंदी माणसाला सैन्यात सुभेदार-मेजरच्या वर जागा नव्हती. राजाची सनद मिळालेला हिंदी अधिकारी दिसायला पहिले महायुद्ध उजाडावे लागले. म्हणजे परतायचे म्हटले तरी परतण्यासारखी जागा उरलेली नव्हती.

हा बदल एका रात्रीत झाला नाही, हेही ध्यानात घ्यावे. न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्याने त्यांनी ऐकली, स्वदेशी वस्तूंचे व्रत घेतले, वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन काढण्यात भाग घेतला. आजच्या महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचे मूळ ते. लहुजी वस्तादांच्या तालमीत त्यांनी अंग कसले आणि शस्त्रे शिकून घेतली. एका ब्राह्मण कारकुनाने मांग समाजातल्या वस्तादाला गुरू करणे ही त्या पुण्यात लहान गोष्ट नव्हती. घरात जी विद्या दोन पिढ्यांपूर्वी होती, ती आता त्यांना घराबाहेर जाऊन शिकावी लागली. मग १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. तो त्यांनी गावोगाव फिरून पाहिला आणि अर्जविनंत्यांवरचा उरलासुरला विश्वास संपला. २० फेब्रुवारी १८७९ रोजी पुण्याजवळच्या लोणीहून निवडक साथीदारांसह बंडाला आरंभ झाला.

त्यांना माणसे मिळाली ती मुख्यतः रामोशी समाजातली. हा योगायोग नव्हे. रामोशी हे गडांचे आणि गावांचे पिढीजात राखणदार; उमाजी नाइकांच्या घराकडे पुरंदरची राखण होती. ते वतन गेल्यावर उमाजींनी १८२६ पासून बंड केले. इंग्रजांनी मध्यंतरी त्यांना माफी देऊन बंदोबस्ताचे काम सोपवून पाहिले. शेवटी ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिली. किल्लेदाराचा नातू आणि राखणदारांची नातवंडे १८७९ मध्ये एकत्र आली, तेव्हा मोडलेल्या चाकरीची दोन टोके साठ वर्षांनी पुन्हा जोडली गेली.

पण चाकरी म्हटली की मुशाहिरा आला. सैन्य शौर्यावर चालत असले तरी ते उभे राहते पगारावर, दाणागोट्यावर आणि वेळेवर पोचणाऱ्या रसदेवर. ही गोष्ट लष्कराचे हिशेब तपासलेल्या माणसाहून अधिक कोणाला ठाऊक असणार? त्यांचा बेतही खरोखर कचेरीच्या शिस्तीचा होता. लहान लहान टोळ्या चहूकडे पाठवायच्या, टपाल थांबवायचे, रेल्वे आणि तारा तोडायच्या, तुरुंग फोडायचे, म्हणजे सरकारी यंत्रणेला एकमेकींची खबर लागणार नाही. बेत उत्तम होता. त्याला लागणारा पैसा नव्हता. शिरूर तालुक्यातल्या धामारीच्या पहिल्या छाप्यात सुमारे ४०० रुपये हाती आल्याचे सांगतात. तेवढ्यात फौज उभी राहत नाही.

आत्मवृत्तात वासुदेव बळवंतांनी आपल्या माणसांच्या लुटीच्या हव्यासाबद्दल कडवट लिहिले आहे. त्यांच्याविषयीचा आदर जराही कमी न करता आम्हांला येथे थोडे वेगळे म्हणावेसे वाटते. ज्याला पगार नाही, वतन नाही, मागे राहिलेल्या बायकामुलांची तजवीज नाही, त्या शिपायाने लुटीतला वाटा मागितला तर त्याला लोभी म्हणावे काय? पूर्वीच्या राज्यात तो वाटा वतनाच्या रूपाने दरसाल मिळत होता. वासुदेव बळवंतांना गडाची आठवण होती, रामोशांना वतनाची. दोघेही परतत होते, पण एकाच ठिकाणी नव्हे.

१८७९ च्या मे महिन्यात दौलतराव नाइकांच्या तुकडीने कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली येथे छापे घातले. वासुदेव बळवंतांच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर सुमारे दीड लाखाचा ऐवज हाती आला. बंडाला पुरेल असा पैसा प्रथमच मिळत होता. पण घाटाकडे परतताना मेजर डॅनियलने गाठले आणि दौलतराव गोळी लागून पडले. पुढे रोहिल्यांची पथके जमवण्याची खटपट झाली. तीही फळण्यापूर्वी २० जुलै १८७९ रोजी देवर नावडगी येथे वासुदेव बळवंत पकडले गेले. पुण्यात खटला चालला, सार्वजनिक काकांनी वकीलपत्र घेतले, जन्मठेप झाली आणि त्यांना एडनला धाडण्यात आले. तेथे फेब्रुवारी १८८३ मध्ये कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले, पुन्हा सापडले आणि १७ फेब्रुवारीला अन्नत्यागाने त्यांचा अंत झाला. वय सदतीस.

आज सदतिसाव्या वर्षी आपल्याकडचे कित्येक जवान निवृत्तीचे कागद घेऊन गावी येतात. त्यांतले काही डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये पुन्हा भरती होतात. नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या नागरिकाला प्रादेशिक सेनेत अधिकारी होण्यासाठी बेचाळिसाव्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. मध्यम वयात वर्दीकडे वळणाऱ्या माणसाला आज वेतनश्रेणी आहे, रजेचा नियम आहे, मागे घराची सोय आहे. आमच्या वर्गातल्या मुलांपैकी ज्यांचे वडील किंवा काका असे पुन्हा रुजू झाले, त्यांना यात विशेष काही वाटत नाही, आणि ते योग्यच आहे.

आम्ही त्यांना एवढेच सांगतो, की ही साधी वाटणारी व्यवस्था ज्याच्या वाट्याला आली नाही, असा एक माणूस याच रस्त्यावरच्या गावात जन्मला. सैन्याला काय काय लागते याची यादी त्याला तोंडपाठ होती. त्यातले जे एका माणसाला स्वतःपाशी ठेवता येते, तेवढे त्याच्यापाशी होते. बाकीचे देणारे राज्य त्याला आधी उभे करायचे होते. मग मुले पुन्हा बसमध्ये चढतात आणि आम्ही कर्नाळ्याकडे निघतो.