हुकूम हिंदी, मैदान बडोद्याचं : माणिकरावांनी कवायतीत काय घातलं?

लेझीम खेळलेल्या कुणालाही विचारा, हातांची नावं अजून तोंडपाठ असतात : चार आवाज, एक जगह, आगे फलांग, पीछे फलांग, दो रुख, मोरचाल. शाळा मराठी, मास्तर मराठी, मुलं मराठी आणि हुकूम मात्र हिंदी! हे कसं काय, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. पण त्याच्या उत्तराचा एक धागा थेट आपल्या बडोद्यात, दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरापाशी येऊन पोचतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे व्यायामाचे दोन प्रकार शेजारी शेजारी नांदत होते. दोघांचं एकमेकांशी फारसं बोलणं नव्हतं. एक शाळेतली कवायत. ती पलटणीतून आलेली, हुकूम इंग्रजी. रांग धरा, हात वर, हात खाली, डावं-उजवं. शिस्त पक्की, पण रोज तेच ते. शिवाय त्या हुकमांचा अर्थ निम्म्या पोरांना कळायचा नाही. दुसरा प्रकार आखाड्याचा. तिथे वैविध्याला तोटा नव्हता. नुसत्या जोरांचेच पाहा : साधे जोर, हनुमान दंड, वृश्चिक दंड, चक्र दंड, पार्श्व दंड. पण हे सगळं उस्तादाच्या नजरेखाली, एकेकट्यानं करायचं. बहुतेक पोरं जोर-बैठकांचा आकडा वाढवण्यातच गुंतलेली. शंभर मुलांना एका वेळी शिकवायची सोय त्यात नव्हती.

बडोद्यात ही अडचण जास्त जाणवणारी होती. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. शाळेत मुलं आली, त्यांना व्यायाम द्यायचा तर कोणता? एका मास्तराला चाळीस-पन्नास पोरांचा वर्ग सांभाळायचा आहे. तिथे आखाडा जसाच्या तसा उचलून नेता येत नाही.

गजानन यशवंत माणिकराव (१८७८–१९५४), म्हणजे आपले राजरत्न प्रो. माणिकराव, हे जुम्मादादांचे शिष्य. गुरूच्या पश्चात आखाडा त्यांच्याकडे आला. हाडवैद्य म्हणूनही त्यांची कीर्ती मोठी होती. त्यांनी कवायतीची रांग आणि आकड्यांची लय ठेवली, पण हुकूम हिंदी केले आणि रांगेतल्या पोरांच्या हातात आखाड्यातली साधनं दिली : लेझीम, लाठी, जोडी, भाला. शिस्त सैल केली नाही, तिच्या आतला माल बदलला. हिंदी का, हे बडोद्यात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. एकाच आखाड्यात मराठी, गुजराती, हिंदू, मुसलमान असे सगळे येत. गुरूच मुळी जुम्मादादा! सगळ्यांना कळेल अशी भाषा हवी होती.

लेझमीचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं आहे. जुनी लेझीम म्हणजे कमान आणि तिला दोरीऐवजी जड लोखंडी साखळी. दंडात आणि छातीत ताकद यावी म्हणून ती ताणायची. रांगेत आली ती हलकी झालेली : लाकडी दांडा, बारीक साखळी आणि झणझणणाऱ्या चकत्या. ओझं कमी झालं, पण पायांना काम आलं. बसणं, उठणं, वळणं, उडी, आणि सगळ्यांचा आवाज एकाच ठोक्यावर. ज्या पोराला जोर मारायचा कंटाळा, तेही तासभर घाम गाळू लागलं.

यात काही गमावलं का? हो, गमावलं. साखळीचा ताण गेला, तो गेलाच. आज पुष्कळ ठिकाणी लेझीम ही मिरवणुकीपुरती उरली आहे आणि तिच्यात व्यायाम किती, हा प्रश्न रास्त आहे. वैविध्य आणायचं ते कष्ट चुकवायला नव्हे, कष्ट टिकवायला. हा तोल सुटला की उरतो तो नुसता देखावा.

या पद्धतीची पोच बडोद्यापुरती राहिली नाही. जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांकडे शिकला. पुढे हेच स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसनांनाही समूहानं, हुकमावर करण्याच्या व्यायामाचं रूप दिलं. एकट्यानं करायची साधना रांगेत आणण्याचे पहिले धडे त्यांनी कुठे गिरवले असतील, हे वेगळं सांगायला नको. इथलंच दुसरं काम म्हणजे द. चिं. मजुमदारांनी संपादित केलेला व्यायाम ज्ञानकोश, दहा खंडांचा. दंड, बैठका, मल्लखांब, लाठी, लेझीम असं सगळं त्यात चित्रांसह नोंदलेलं आहे.

पण कोशात हात कसे असतात ते दिसतं, ठोका ऐकू येत नाही. कुठल्या हातानंतर कुठला हात, कुठे श्वास घ्यायचा, हुकूम किती लांबवायचा, हे आखाड्यात वाढलेल्या जुन्या मंडळींच्या अंगात आहे, आणि ती मंडळी आता थोडी उरली आहेत. आपल्या घरात, वाड्यात कुणी असेल तर त्यांच्याकडून हातांचा क्रम बोलून घ्या, रेकॉर्ड करा आणि मंडळाकडे पाठवा. जमलं तर स्वतःही चार हात करून बघा. सकाळच्या त्याच त्या व्यायामाला तेवढाच पालट!