नाळरक्तसंचय
नाळरक्तसंचय : नवजात अर्भकाची नाळ कापल्यानंतर नाळेत व वारेत उरलेले रक्त भावी वैद्यकीय उपयोगासाठी द्रवरूप नायट्रोजनाच्या साहाय्याने अतिशीत अवस्थेत जतन करणे. या रक्तात सर्व प्रकारच्या रक्तकोशिका निर्माण करणाऱ्या मूलकोशिका असतात. त्यामुळे ते अस्थिमज्जेऐवजी वापरता येते.

पूर्वी हे रक्त वारेबरोबर टाकून दिले जाई. त्यातील मूलकोशिका गोठवून टिकविता येतात, असे अमेरिकेत हॅल ब्रॉक्समायर व त्यांचे सहकारी यांनी दाखविले. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लूई रुग्णालयात एल्यान ग्लूकमन यांनी नाळरक्ताचे पहिले प्रतिरोपण केले. फॅन्कोनी पांडुरोग या आनुवंशिक विकाराने पीडित पाच वर्षांच्या अमेरिकन मुलास त्याच्या नवजात बहिणीचे रक्त देण्यात आले आणि तो बरा झाला. पुढे न्यूयॉर्क येथे सार्वजनिक पेढी स्थापन झाली व १९९३ पासून नात्याबाहेरील रुग्णांनाही असे रक्त मिळू लागले.

त्यानंतर पालकांकडून शुल्क घेऊन बालकाचे रक्त त्याच्याचसाठी राखणाऱ्या खाजगी पेढ्या निघाल्या. भारतातही त्यांचा प्रसार झाला. परंतु आनुवंशिक रोगात बालकाच्या स्वतःच्या नाळरक्तातही तोच दोष असतो. पॅरिसच्या रुग्णास त्याचे स्वतःचे रक्त उपयोगी पडले नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा खाजगी संचयाची शिफारस केलेली नाही. मात्र कुटुंबात प्रतिरोपणाने बरा होणारा रोगी असल्यास हा संचय इष्ट ठरतो.