संसाराचा क्लास, सरकारी खर्चाने

नवरा-बायकोने भांडावं कसं, हे सरकारने शिकवलं तर? हसू नका, अमेरिकेत झालंय हे. १९९६ मध्ये क्लिंटन यांनी गरीब कुटुंबांच्या मदतीचा कायदा बदलला आणि लग्नाला प्रोत्साहन हे त्याचं एक उद्दिष्टच झालं. १९९९ मध्ये ओक्लाहोमाचे गव्हर्नर फ्रँक कीटिंग यांनी त्याच मदतनिधीतून १ कोटी डॉलर अशा क्लासेससाठी बाजूला काढले. म्हणजे पैसे कुणाच्या ताटातले, बघा! २००६ पासून तर बुश सरकारने देशभर निधी दिला.

मग मोठी चाचणी झाली. ८ ठिकाणी, मूल झालेली किंवा होणारी, पण लग्न न केलेली ५,००० हून जास्त जोडपी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एकालाच क्लास. खर्च? जोडप्यामागे सरासरी ११,००० डॉलरच्या आसपास. पण कितीतरी जोडपी क्लासला एकदाही फिरकली नाहीत. बाल्टिमोरमध्ये तर क्लासवाल्या गटातलीच जोडपी जास्त तुटली. घरभाडं थकलेल्या माणसाला ‘शांतपणे ऐकून घ्या’ सांगून किती फरक पडणार?

हे पहिले आकडे आले २०१० मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने निधीची मुदत वाढवली.